बिनखिडकीचा डबा

माझ्या मामाने स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूला नावं ठेवलेली मी आयुष्यात एकदाच ऐकली. हॉस्पिटलच्या बाकावर बसून तो म्हणाला, "डब्यानेच घात केला." मामीच्या मांडीचं हाड मोडलं होतं, अडीच तास ती बाथरूमच्या फरशीवर पडून होती, आणि तरी त्या क्षणी मला धक्का बसला तो या वाक्याचा. हा माणूस असं बोलूच शकत नाही, असं मनात आलं. तिथेच थांबून पुढचा विचार करायला हवा होता. तेवढी अक्कल मला चार दिवसांनी आली.

मामा पत्र्याचं काम करतो. बेकऱ्यांची धुराडी, विजेच्या मीटरच्या पेट्या, धान्याच्या कोठ्या, पत्रपेट्या, जे म्हणाल ते. खाली वर्कशॉप आणि वर घर. गल्लीत त्याला सगळे 'काटकोन' म्हणतात आणि हे त्याला ठाऊक आहे. त्याच्या खिशात पेन नसेल, पण गुण्या असतो, म्हणजे कोपरा सरळ आहे की नाही ते तपासायची लोखंडी पट्टी. कुणाच्या घरी गेला की आधी दाराची चौकट बघतो, मग यजमानाचं तोंड. आमच्या कपाटाला तो "गुण्यात नाही" म्हणाला त्याला वीस वर्षं झाली, माझे वडील ते अजून विसरलेले नाहीत.

त्याच्या कामात खोट काढणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं. एकदा एक बेकरीवाला म्हणाला, धुराडं गळतंय. मामा शिडी घेऊन गेला, दीड तास छपरावर बसला, आणि खाली येऊन शांतपणे म्हणाला, "धुराडं बरोबर आहे. तुमची भिंत वाकडी आहे." भिंत खरोखरच वाकडी निघाली. बाकीच्यांनी अंगण वाकडं म्हटलं की लोक हसतात; मामाला कुणी हसत नसे, कारण तो आधी अंगण मोजून यायचा.

मामीचं आणि सरळ रेषेचं काही नातं नाही. ती बोलायला लागली की एका गोष्टीतून दुसरीत शिरते आणि तिसरीतून बाहेर येते. अडतीस वर्षं ती जिन्याच्या वरच्या टोकाला उभी राहून खालच्या ठोकाठोकीवर मात करत हाका मारत आली आहे. त्यांना मूलबाळ नाही. त्यामुळे दोघांचाही माझ्यावर हक्क आहे आणि दोघंही तो बजावतात.

गेल्या वर्षी मामी स्वयंपाकघरात पडली. थोडक्यात निभावलं, पण तेव्हापासून तिचा तोल जातो. घरातल्या घरात वॉकर घेऊन चालते. मामा दिवसभर खाली, ती वर एकटी. ती पुन्हा पडली तर मामाला ताबडतोब कळलं पाहिजे, एवढा एकच प्रश्न होता, आणि तो सोडवायचं मी अंगावर घेतलं. मी एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. इतकी वर्षं दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली, एक घरच्यांसाठी करून बघू म्हटलं.

पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा कॉम्प्युटर मिळतो. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड, नुसती हिरवी पाटी आणि तिच्यावर बारीकसारीक भाग. तो मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसवला. मामीच्या गळ्यात एक बटण अडकवलं. बटण दाबलं की हवेतून संदेश त्या कॉम्प्युटरकडे जाणार आणि मामाचा फोन मोठ्याने वाजणार. फोनवर एकच शब्द दिसणार: 'आलो'. त्यावर दोन सेकंद बोट दाबून धरलं की वाजणं बंद. दोन सेकंद अशासाठी, की खिशातल्या खिशात चुकून दाबलं जाऊ नये. आणि मिनिटभरात कुणी 'आलो' दाबलं नाहीच, तर फोन माझ्याकडे वाजणार. मी स्वतःवर फार खूश होते.

पहिल्याच आठवड्यात मामीने ते बटण जेवायला बोलावण्यासाठी वापरायला सुरुवात केली.

"मामी, ते पडल्यावर दाबायचं असतं."

"मग काय रोज पडू? घसा तरी वाचतोय माझा."

मी हसले. मामाही हसला. माझ्या त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

कॉम्प्युटर मी प्लास्टिकच्या डबीत ठेवला होता. खाली मामा लोखंड घासतो, त्याची बारीक पूड जिन्यातून वर येते. महिन्याभरात डबीच्या फटींतून ती आत गेली. लोखंडाचा एक कण नको तिथे बसला तर सगळंच बंद पडायचं. मी मामाला म्हटलं, "याला नीट बंद होणारा धातूचा डबा हवा." मामाने ती डबी दोन बोटांत धरून पाहिली, जणू ताटात मेलेली माशी सापडली आहे.

"प्लास्टिक," तो म्हणाला. "माझ्या घरात. महिनाभर."

एका बेकरीचं धुराडं अर्धवट ठेवून त्याने अकरा दिवस तो डबा केला. पत्त्यांच्या जोडाएवढ्या वस्तूसाठी अकरा दिवस. आधी पुठ्ठ्याचे तीन नमुने झाले. पाटीच्या चार भोकांमधलं अंतर त्याने इतक्या वेळा मोजलं, की मला ते पाठ झालं, अठ्ठावन्न बाय एकोणपन्नास मिलिमीटर. पाटीची खालची बाजू धातूला टेकली तर शॉर्ट होईल, हे मी सांगितलं तेव्हा तो लगेच म्हणाला, "म्हणजे पोटाखाली हवा पाहिजे," आणि त्याने पितळेच्या चार चिमुकल्या नळ्या कापून तिला उभं केलं. मधली चिप तापते म्हटल्यावर त्याने झाकणाच्या आतून ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असा बसवला, की झाकण लावताच तो चिपवर टेकायचा आणि सगळी उष्णता डब्याच्या अंगावर यायची. पंखा नाही, आवाज नाही. माझ्या कॉलेजातल्या महागड्या यंत्रांना हे सुचलेलं नाही. मी हात टेकले.

फक्त एका गोष्टीवरून आमचं वाजलं. धातूच्या भिंतीतून हवेतला संदेश आत येत नाही, म्हणून डब्याच्या एका बाजूला चार बोटं रुंदीची खिडकी ठेव, तिला प्लास्टिकची पट्टी लावू, असं मी सांगितलं होतं. मामाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"धडधाकट माणसाला ठिगळ लावायचं?"

"मामा, मामीचा आवाज त्यातून यायचा आहे."

तो पुन्हा मोजायला लागला. मला वाटलं, पटलं. अकराव्या दिवशी डबा हातात आला तेव्हा मी बघतच राहिले. कोपरे असे, की बोट फिरवलं तर पाण्यावरून फिरवल्यासारखं वाटावं. आणि खिडकी नव्हती. त्याने ती आधी कापली होती, मग त्याला ती बघवेना, आणि त्याने त्याच पत्र्याचा तुकडा इतक्या सफाईने बसवला होता, की जोड शोधायला नख फिरवावं लागलं. मी तोंड उघडलं, पण त्याचा चेहरा पाहिला. पोराचा निकाल दाखवणाऱ्या बापासारखा तो उभा होता. मी डबा टेबलावर ठेवला, तिथेच उभं राहून बटण दाबलं, फोन वाजला. "चालतंय," मी म्हटलं. बाथरूममधून दाबून बघितलं नाही. मला चहा प्यायचा होता.

दोन महिन्यांनी एके दिवशी दुपारी दीड वाजता मामाचा फोन आला. "मामी पडली. मोठ्या हॉस्पिटलात ये." एवढंच.

डॉक्टर म्हणाले, पावणेअकराच्या सुमाराला पडल्या असाव्यात. मामा सव्वा वाजता जेवायला वर गेला तेव्हा त्याला ती दिसली. अडीच तास. गळ्यात बटण होतं. माझा फोन वाजला नव्हता. मामाने 'आलो' दाबलं नाही तर तो माझ्याकडे येणार, आणि दाबलं असतं तर मामा लगेच वर गेला असता; दोन्ही झालं नाही, म्हणजे संदेश डब्यात शिरलाच नाही. इतका सरळ हिशेब. मला खिडकी आठवली. माझं ते "चालतंय" आठवलं.

"मामा," मी म्हटलं, "डब्याने अडवलं रे. तू खिडकी बुजवलीस ना, मी तपासायला हवं होतं. तिने दाबलं असणार आणि डब्याने ते आत येऊच दिलं नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. किती वेळ, सांगता येत नाही. समोरून एक स्ट्रेचर गेलं आणि परत आलं, तेवढा. तुझा फोन वाजला होता का, हे मी त्याला विचारलंच नाही. मी थेट उत्तर सांगून मोकळी झाले. मग त्याने मान खाली घातली आणि ते वाक्य म्हटलं.

नंतरचे तीन दिवस तो तेच म्हणत होता. डॉक्टरांना, नर्सला, शेजारच्या पलंगावरच्या बाईच्या मुलाला, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. "माझ्या डब्याने तिला अडवलं. मी खिडकी बुजवली." गल्लीतला सुतार मला बाजूला घेऊन म्हणाला, "काटकोन स्वतःच्या कामाला वाईट म्हणतोय. माणूस खचलाय. सांभाळा त्याला." मी सांभाळत होते. त्याला जेवायला घालत होते, पाठीवरून हात फिरवत होते, आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होते. मामीला कुणी डब्याचं सांगितलं की ती डोळे मिटून घ्यायची. आम्हाला वाटायचं, दुखतंय.

चौथ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. मामी परत येण्याआधी खिडकी कापून घ्यायची होती. त्याआधी म्हटलं, डबा किती अडवतो ते एकदा मोजून तरी ठेवू. परीक्षेपुरता मामाच्या जागी माझा नंबर घातला, बटण घेऊन बाथरूममध्ये गेले, दार लावलं आणि मामी पडली होती तिथे फरशीवर बसून दाबलं.

माझ्या हातातला फोन वाजला.

मी पुन्हा दाबलं. पुन्हा वाजला. आडवी झाले, बटण पोटाखाली घेतलं आणि दाबलं. वाजला. डब्याच्या मागे तारेसाठी एक फट होती, तेवढी संदेशाला पुरत होती. मी त्या ओल्या फरशीवर पडून होते आणि माझा फोन वाजत होता, आणि मला उठता येईना.

तो छोटा कॉम्प्युटर प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवतो. ती नोंद मी कधी उघडली नव्हती, कारण त्या दिवशी आत काही शिरलंच नाही याची मला खात्री होती. मामाचा नंबर परत जागेवर घातला आणि लॅपटॉपवर मामी पडली त्या दिवसाचं पान काढलं.

दहा अठ्ठेचाळीस, बटण. दहा अठ्ठेचाळीस, आलो.

दहा एकोणसाठ, बटण. दहा एकोणसाठ, आलो.

अकरा चौदा, बटण. अकरा चौदा, आलो.

अकरा एकतीस, बटण. अकरा एकतीस, आलो.

त्यानंतर काही नाही.

मी मामाला वाचवायचा किती प्रयत्न केला. खिशात दाबलं गेलं असेल. पण दोन सेकंद धरून ठेवल्याशिवाय ते दाबलंच जात नाही, ती अट मीच घातली होती. दुसऱ्या कुणी दाबलं असेल. तो खाली एकटा असतो. माझ्याकडे फोन का आला नाही तेही आता कळलं. 'आलो' म्हटल्यावर यंत्राने विश्वास ठेवला. यंत्र आहे ते, ठेवणारच.

आणि मला हेही कळलं की हे कसं झालं असेल. काही राक्षसी नाही त्यात. फोन रोज वाजायचा, तो जेवायला बोलावण्यासाठी. मामा दोन सेकंद अंगठा ठेवायचा आणि हातातला पत्रा पुरा करायचा. त्या दिवशीही तेच केलं. फक्त जेवायची वेळ नव्हती, आणि चार वेळा वाजला. हे त्याच्या लक्षात आलं नसेल असं मला वाटत नाही. आणि मग हॉस्पिटलच्या बाकावर मी स्वतः जाऊन त्याच्या हातात एक सबब दिली, आणि ज्या माणसाने धुराड्यासाठी दीड तास छपरावर बसून भिंत वाकडी ठरवली, त्याने आपला सगळ्यात सुंदर डबा मुकाट्याने बळी दिला.

जिन्यावर पावलं वाजली. मी लॅपटॉप मिटला. मामाच्या हातात एक कागद होता, नव्या डब्याची आखणी.

"या वेळी खिडकी ठेवतो," तो म्हणाला. "दोन ठेवतो."

"ठेव."

तो डब्याकडे बघत उभा राहिला. "त्याच्यात काही लिहिलेलं राहतं का गं? म्हणजे, कधी काय झालं वगैरे?"

मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. "नाही," मी म्हटलं.

त्याने कागदाची घडी घातली आणि तो खाली गेला. इतका राग मला कधी आला नव्हता आणि इतकी कीवही. दोन्ही एकदम येतात तेव्हा माणसाला काहीच करता येत नाही, हे मला नवीन होतं.

संध्याकाळी मामीकडे मी एकटीच होते. ती उशीला टेकून बसली होती. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे, तिने पाणी मागितलं, प्यायली आणि म्हणाली, "बघितलंस वाटतं."

"तुला माहीत होतं?"

"बाथरूमचा झरोका खाली वर्कशॉपकडेच उघडतो ना. माझा आवाज फुटत नव्हता, पण यांचा फोन स्पष्ट ऐकू येत होता. वाजायचा, बंद व्हायचा, आणि हातोडी सुरू."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? सगळे त्या डब्याला बोल लावतायत. मी स्वतःला बोल लावतेय."

"तुला सांगणारच होते. यांच्यादेखत नको होतं." तिने चादरीची सुरकुती सारखी केली. "स्वतःच्या कामाला वाईट म्हणाले ते. मी एक अक्षर बोलले नाही, तरी एवढं बोलावं लागलं त्यांना. आता मी आणखी काय बोलू?"

एक गोष्ट मला दिवसभर छळत होती. "साडेअकरानंतर तू एकदाही बटण दाबलं नाहीस. पावणेदोन तास. मला वाटलं, तुझी शुद्ध हरपली असेल."

"शुद्ध कुठली हरपते. सगळं कळत होतं. नळ ठिबकत होता, तो मोजत होते."

"मग?"

नेहमी एका गोष्टीतून दुसरीत शिरणारी मामी या वेळी सरळ बोलली.

"चार वेळा बोलावलं. पाचव्यांदा दाबायची लाज वाटली मला."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. ती माझ्या मनगटावर हात ठेवून बसून राहिली, जणू पडले होते मीच.

"एक कर," ती म्हणाली. "घरी गेल्यावर ते बटण आधी तुझ्याकडे वाजेल असं कर. यांच्याकडे नको."

"मामी, मी अर्ध्या तासावर राहते. मामा अठरा पायऱ्यांवर असतो."

"अर्धा तास चालेल मला."

मी तिथेच पलंगाच्या कडेला बसून लॅपटॉप उघडला, त्यांच्या घरातल्या कॉम्प्युटरला जोडून घेतलं आणि पहिल्या जागी माझा नंबर घातला. मामाचा नंबर कुठे घालू, हे मी तिला विचारलं नाही.